सर्व्हरची डिस्क वाढवली, तरी जागा का वाढत नाही? व्हर्च्युअल मशीनचं पार्टिशन कमांड लाइनवरून वाढवायची पद्धत

फोनवर 'स्टोरेज फुल' असा मेसेज आला की आपण काय करतो? गुड मॉर्निंगचे फोटो उडवतो, दोन-चार गेम काढून टाकतो आणि पुढचे पंधरा दिवस ढकलतो. सर्व्हर भरला की मात्र गोष्ट वेगळी असते. डेटाबेस नवीन नोंद घ्यायची थांबतो, फोटो अपलोड होत नाहीत, लॉग लिहिले जात नाहीत, आणि बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसतं की साईट बंद आहे.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी किंवा स्वतःच्या छोट्या ॲपसाठी क्लाऊडवर स्वस्तातलं व्हर्च्युअल मशीन घेणारे बरेच जण आता आहेत. त्यांच्याकडून मला वारंवार येणारा प्रश्न असा: "पॅनलवर जाऊन डिस्क २० जीबीची ४० जीबी केली, पैसे पण कापले गेले, पण सर्व्हरवर अजून २० जीबीच दिसतंय. फसवलं का?"

बहुतेक वेळा कोणी फसवलेलं नसतं. काम एक तृतीयांश झालेलं असतं आणि उरलेलं दोन तृतीयांश आपण करायचं असतं. ते कसं करायचं आणि करताना डेटा कसा जपायचा, ते आज बघूया.

एक डिस्क, पण थर तीन

आपण म्हणतो 'सर्व्हरची डिस्क', पण त्यात एकात एक असे थर असतात.

१. व्हर्च्युअल डिस्क. व्हर्च्युअल मशीन ज्या खऱ्या सर्व्हरवर चालतं त्याला होस्ट म्हणतात. आपल्या मशीनला जी डिस्क वाटते, ती होस्टवर बऱ्याचदा एक मोठी फाईल असते.

२. पार्टिशन. या डिस्कच्या सुरुवातीला एक तक्ता असतो. कोणतं पार्टिशन कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं, याची नोंद त्यात असते.

३. फाईल सिस्टीम. पार्टिशनच्या आत फाईल ठेवायची व्यवस्था. लिनक्सवर साधारणपणे ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस.

गावाकडचं उदाहरण घेऊ. तुम्ही शेजारचं एक एकर वावर विकत घेतलं. जमीन वाढली, पण सातबाऱ्यावर नोंद होईपर्यंत कागदोपत्री तुमचं क्षेत्र जुनंच. नोंद झाली तरी नांगरणी करून वाफे पाडल्याशिवाय तिथे काही उगवणार नाही. डिस्कचंही तसंच आहे. पॅनलवरून वाढते ती जमीन, पार्टिशनचा तक्ता म्हणजे सातबारा आणि फाईल सिस्टीम म्हणजे नांगरणी.

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: बहुतेक कमांड फक्त एका थराला हात लावतात. वाढवताना बाहेरून आत यायचं, कमी करताना आतून बाहेर जायचं. कमी करताना हा क्रम उलटा झाला की डेटा जातो.

कमांड कशा वाचायच्या?

इथे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहायच्या. जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय. '/डेव्ह/व्हीडीए' मधलं डेव्ह म्हणजे डी-ई-व्ही आणि व्हीडीए म्हणजे व्ही-डी-ए ही तीन अक्षरं. बऱ्याच कमांडच्या आधी सुडो लावावं लागेल.

फोनवरून करणार असाल तर टर्मक्स ॲपमध्ये ओपन-एसएसएच टाकून सर्व्हरला जोडता येतं. पण एक काळजी घ्या: सर्व्हरवर शिरल्यावर आधी 'टीमक्स' सुरू करा. स्पेलिंग टी-एम-यू-एक्स. लोकलमध्ये नेटवर्क गेलं तरी सर्व्हरवर चाललेली कमांड मधेच तुटत नाही. परत जोडून 'टीमक्स अटॅच' म्हटलं की होतात तिथून पुढे सुरू.

आधी बघा, खरंच जागा हवी आहे का?

पैसे भरण्याआधी पाच मिनिटं काढा.

- डीएफ -एचटी (यातला टी कॅपिटल): कोणती फाईल सिस्टीम किती भरली आणि ती कोणत्या प्रकारची आहे, हे दोन्ही कळतं. प्रकार लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.
- डीएफ -आय: कधीकधी जागा शिल्लक असते, पण आयनोड संपलेले असतात. प्रत्येक फाईलला एक आयनोड लागतो. लाखो बारीक कॅश फाईल साठल्या की असं होतं. इथे आधी त्या फाईल साफ करा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच.
- डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /: कोणता फोल्डर फुगलाय ते दिसतं. एक्स लावल्यामुळे दुसऱ्या डिस्क मोजल्या जात नाहीत.
- जर्नलसीटीएल --डिस्क-यूसेज: सिस्टीमच्या लॉगनी किती जागा खाल्ली ते कळतं. जास्त असेल तर जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम (एम कॅपिटल) दिलं की जुने लॉग निघून साधारण तेवढेच उरतात.

आणि एक गंमत. मोठी लॉग फाईल डिलीट केली तरी जागा मोकळी होत नाही, असं झालंय का? एखादा प्रोग्राम ती फाईल उघडून बसलेला असतो. तो सोडत नाही तोवर लिनक्स ती जागा परत देत नाही. तो प्रोग्राम रीस्टार्ट केला की जागा लगेच परत येते.

हे सगळं करूनही डिस्क भरलेलीच असेल, तर पुढे चला.

बॅकअप: ही पायरी गाळायची नाही

पार्टिशनच्या कामात 'अनडू' नसतं. मी तीन गोष्टी केल्याशिवाय पुढे जात नाही.

पहिली, डेटाबेसचा डंप काढून तो दुसऱ्या मशीनवर किंवा स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून ठेवतो. दुसरी, पॅनलवरून स्नॅपशॉट घेतो. स्नॅपशॉट चटकन मागे जायला कामाचा आहे, पण तो बऱ्याचदा त्याच होस्टवर किंवा त्याच खात्यात असतो, म्हणून त्याला बॅकअप समजू नका.

तिसरी गोष्ट फार कमी जण करतात: एसएफडिस्क -डी /डेव्ह/व्हीडीए. ही कमांड पार्टिशनचा पूर्ण तक्ता मजकूर म्हणून छापते. तो कॉपी करून ठेवा. उद्या तक्ता बिघडला, तर पार्टिशन नेमकं कुठून सुरू होत होतं हे त्यातून कळतं. म्हणजे सातबाऱ्याची झेरॉक्स. झेरॉक्सने पीक परत येत नाही, पण बांध कुठे होता ते तरी सिद्ध करता येतं.

पायरी १: व्हर्च्युअल डिस्क वाढवा

क्लाऊडवर असाल तर हे काम पॅनलवरून होतं. तुमच्याकडे स्वतःचा होस्ट असेल, म्हणजे जुन्या लॅपटॉपवर केव्हीएम टाकलं असेल (मी सराव असाच करतो), तर 'विर्श' नावाची कमांड वापरायची. स्पेलिंग व्ही-आय-आर-एस-एच.

- विर्श लिस्ट --ऑल: सगळ्या मशीनची नावं आणि स्थिती.
- विर्श डॉमबीएलकेलिस्ट प्रोजेक्ट: 'प्रोजेक्ट' नावाच्या मशीनला कोणत्या डिस्क जोडल्यात आणि त्यांच्या फाईल कुठे आहेत.
- विर्श ब्लॉकरिसाइझ प्रोजेक्ट व्हीडीए ४०जी (जी कॅपिटल): चालू मशीनची डिस्क ४० जीबी करते.

इथे 'जी' विसरू नका. एकक दिलं नाही तर विर्श तो आकडा किबीबाइटमध्ये धरतं. ४० किबीबाइटची डिस्क कोणालाच नकोय!

मशीन बंद असेल तर क्यूईएमयू-आयएमजी रिसाइझ, पुढे फाईलचं नाव आणि +२०जी असंही चालतं. प्लस म्हणजे आहे त्यात भर. पण मशीन चालू असताना ही कमांड त्या फाईलवर चालवायची नाही. दोघांनी एकाच वेळी फाईलमध्ये लिहिलं तर फाईल खराब होते.

आता मशीनच्या आत जाऊन एलएसबीएलके द्या. व्हीडीए समोर ४०जी आणि त्याखाली व्हीडीए१ समोर २०जी दिसेल. जमीन आली, नोंद बाकी आहे. व्हीडीए समोरही जुनाच आकडा दिसत असेल तर मशीन एकदा रीस्टार्ट करा.

रीस्टार्टचा आणखी एक फायदा आहे. बऱ्याच तयार क्लाऊड इमेजमध्ये 'क्लाऊड-इनिट' असतं. मशीन सुरू होताना ते मुख्य पार्टिशन आणि फाईल सिस्टीम दोन्ही आपोआप वाढवतं. त्यामुळे रीस्टार्टनंतर आधी डीएफ बघा. कदाचित काम झालेलं असेल.

पायरी २: पार्टिशन वाढवा

कमांड: ग्रोपार्ट /डेव्ह/व्हीडीए १

यात व्हीडीए आणि १ यांच्यामध्ये मोकळी जागा सोडायची आहे. सवयीने लोक व्हीडीए१ असं जोडून लिहितात आणि मग एरर येते. खात्री नसेल तर आधी --ड्राय-रन लावून चालवा. काय बदलणार आहे ते फक्त दाखवेल, करणार नाही. काम झालं की उत्तरात 'चेंज्ड' दिसतं. 'नोचेंज' आलं तर वाढवायला जागा सापडली नाही असं समजा.

ग्रोपार्ट नसेल तर उबुंटू-डेबियनवर 'क्लाऊड-गेस्ट-यूटिल्स' हे पॅकेज टाका. डिस्क अगदी पूर्ण भरली असेल तर पॅकेजही टाकता येत नाही, म्हणून आधी लॉग साफ करून थोडी जागा मोकळी करा.

पायरी ३: फाईल सिस्टीम वाढवा

मघाशी लिहून ठेवलेला प्रकार आता लागेल.

- ईएक्सटी४ असेल तर: रिसाइझ२एफएस /डेव्ह/व्हीडीए१
- एक्सएफएस असेल तर: एक्सएफएस_ग्रोएफएस /

फरक बघा. पहिलीला पार्टिशनचं नाव द्यायचं, दुसरीला ते जिथे माउंट केलंय ती जागा. दोन्ही चालू मशीनवर चालतात, साईट बंद करावी लागत नाही. आकडा दिला नाही की उपलब्ध असेल तेवढी सगळी जागा घेतली जाते.

पुन्हा डीएफ -एच. आता ४० जीबीच्या आसपास दिसेल. बरोबर ४० दिसणार नाही, कारण फाईल सिस्टीमच्या स्वतःच्या नोंदींना थोडी जागा लागते. शिवाय ईएक्सटी४ मध्ये साधारण ५ टक्के जागा रूट यूजरसाठी राखून ठेवलेली असते.

एलव्हीएम असेल तर एक थर जास्त

एलएसबीएलकेच्या उत्तरात प्रकाराच्या रकान्यात 'एलव्हीएम' दिसलं तर पार्टिशन आणि फाईल सिस्टीमच्या मध्ये अजून एक थर आहे. यात पार्टिशनची जागा एका सामायिक गटात जाते आणि गटातून हवे तेवढे तुकडे काढता येतात.

उबुंटू सर्व्हर स्वतः इन्स्टॉल करणाऱ्यांना इथे हमखास कोडं पडतं. इन्स्टॉलरचा एलव्हीएमचा नेहमीचा पर्याय घेतला, तर २० ते २०० जीबीच्या डिस्कवर तो गटातली साधारण निम्मीच जागा मुख्य तुकड्याला देतो. उरलेली नंतरसाठी मोकळी ठेवतो. म्हणून ५० जीबीची डिस्क असूनही डीएफमध्ये जेमतेम २४ जीबी दिसते. अशा वेळी नवीन डिस्क विकत घेऊच नका! आधी व्हीजीएस कमांड द्या. शेवटच्या रकान्यात मोकळी जागा किती आहे ते दिसेल.

तिथे जागा असेल तर एकच कमांड पुरते:

एलव्हीएक्स्टेंड -आर -एल +१०जी /डेव्ह/उबुंटू-व्हीजी/उबुंटू-एलव्ही (एल आणि जी कॅपिटल, आर छोटा)

यातला 'आर' महत्त्वाचा. तो लावला की आतली फाईल सिस्टीमही लगेच वाढते. व्हीजीएसमध्ये मोकळी जागा शून्य असेल तर पायरी १ आणि २ करा. उबुंटूवर पार्टिशनचा नंबर सहसा ३ असतो, तरी एलएसबीएलकेमध्ये बघूनच टाका. मग पीव्हीरिसाइझ /डेव्ह/व्हीडीए३ द्या आणि नंतर वरची कमांड.

माझा सल्ला: गटातली सगळी जागा एकदम देऊन टाकू नका. लागेल तशी थोडी थोडी वाढवा. कारण वाढवणं दोन मिनिटांचं काम आहे, कमी करणं अर्ध्या दिवसाचं.

मध्येच दुसऱ्याचं वावर आलं तर?

पार्टिशन फक्त त्याला लागून असलेल्या मोकळ्या जागेतच वाढू शकतं. जुन्या पद्धतीने इन्स्टॉल केलेल्या मशीनवर मुख्य पार्टिशनच्या लगेच पुढे स्वॅप पार्टिशन असतं आणि नवीन जागा त्याच्याही पलीकडे येते. ग्रोपार्ट 'नोचेंज' म्हणतं ते यामुळेच.

अशा वेळी स्वॅप बंद करून ते पार्टिशन काढायचं, फाईल सिस्टीमच्या टेबलमधली, म्हणजे एफएसटॅब फाईलमधली, त्याची ओळ काढायची आणि नंतर स्वॅपसाठी साधी फाईल वापरायची. स्वॅपमध्ये कायमचा डेटा नसतो, म्हणून हे करता येतं. पण पार्टिशन काढण्याआधी ते खरंच स्वॅप आहे ना, हे एलएसबीएलके -एफ ने दोनदा तपासा.

नंबरवरून जागा ओळखायला जाऊ नका. उबुंटूच्या क्लाऊड इमेजमध्ये व्हीडीए१, व्हीडीए१४, व्हीडीए१५ असे नंबर असतात आणि १ नंबरचं पार्टिशन डिस्कवर सगळ्यात शेवटी असतं! म्हणूनच ते सहज वाढतं.

मोठ्या डिस्कसाठी आणखी एक: पार्टिशनचा तक्ता जुन्या एमबीआर प्रकारचा असेल तर साधारणपणे २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. त्याला जीपीटी लागतो.

कमी करायची असेल तर?

जास्त घेतलेली डिस्क महिन्याचं बिल वाढवते, म्हणून हा प्रश्नही येतो. इथे क्रम उलटा: आधी फाईल सिस्टीम लहान, मग पार्टिशन, मग व्हर्च्युअल डिस्क. आधीच बाहेरची डिस्क कापली तर शेवटच्या भागातल्या फाईल त्याच क्षणी जातात.

ईएक्सटी४ लहान करायला ती अनमाउंट करावी लागते, म्हणजे मुख्य डिस्क असेल तर रेस्क्यू मोडमध्ये जावं लागतं. एक्सएफएस लहान करायची सोय व्यवहारात नाहीच. त्यामुळे मी हे करायला सांगत नाही. नवीन लहान डिस्क जोडा, त्यावर पार्टिशन करा, आरसिंकने फाईल कॉपी करा, सगळं चालतंय याची खात्री करा आणि मगच जुनी डिस्क सोडा. मुख्य डिस्कच बदलायची असेल तर लहान डिस्कचं नवीन मशीन घेऊन डेटा तिकडे हलवणं जास्त सोपं. वेळ लागतो, पण शेवटपर्यंत जुना डेटा हातात राहतो.

होस्ट चालवणाऱ्यांसाठी एक इशारा

केव्हीएमवर क्यूकाऊ२ प्रकारची फाईल वापरली तर ४० जीबीची डिस्क पहिल्या दिवशी होस्टवर ४० जीबी जागा घेत नाही. जसा डेटा भरतो तशी ती वाढते. क्यूईएमयू-आयएमजी इन्फो दिलं की दोन आकडे दिसतात: व्हर्च्युअल साइझ, म्हणजे कबूल केलेली जागा, आणि डिस्क साइझ, म्हणजे खरोखर वापरलेली.

त्यामुळे १०० जीबीच्या होस्टवर ४० जीबीची चार मशीन सहज बसतात. पण चौघांनीही आपली जागा वापरायची ठरवली तर? ज्या मशीनला लिहायला जागा मिळत नाही ते तिथेच थांबतं आणि विर्श लिस्टमध्ये 'पॉज्ड' दिसतं. मशीनच्या आत डीएफ तर भरपूर जागा दाखवत असतो! म्हणून डिस्क वाढवण्याआधी होस्टवरही डीएफ बघायची सवय लावा.

तुमच्या खिशातही हेच आहे

हे सगळं फक्त सर्व्हरवाल्यांचं नाही बरं का. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्स कर्नल आहे आणि त्याचं स्टोरेजही पार्टिशनमध्ये वाटलेलं असतं. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून 'सुपर' नावाचं एक मोठं पार्टिशन आलं. सिस्टीम, व्हेंडर, प्रॉडक्ट हे त्यातले तुकडे असतात आणि अपडेटच्या वेळी त्यांचा आकार बदलता येतो. यासाठी कर्नलमधली डिव्हाइस मॅपर ही तीच सोय वापरली जाते, जिच्यावर एलव्हीएम उभं आहे. तुमचे फोटो आणि ॲप मात्र वेगळ्या 'यूजरडेटा' पार्टिशनमध्ये राहतात. १२८ जीबीच्या फोनमध्ये पूर्ण १२८ वापरायला का मिळत नाही, याचं मोठं कारण हेच.

थोडक्यात

डिस्क, मग पार्टिशन, एलव्हीएम असेल तर तो थर आणि शेवटी फाईल सिस्टीम. प्रत्येक पायरीनंतर एलएसबीएलके आणि डीएफ बघायचं आणि आकडा कुठपर्यंत पोचला ते समजल्याशिवाय पुढची कमांड द्यायची नाही. पहिला प्रयोग चालू प्रोजेक्टवर करू नका. तासावर भाडं लागणारं एखादं रिकामं मशीन घ्या, त्याची डिस्क वाढवा, मुद्दाम बिघडवा, स्नॅपशॉटवरून परत आणा आणि शेवटी मशीन डिलीट करायला विसरू नका, नाहीतर बिल चालू राहील. असं दोनदा केलंत की खऱ्या सर्व्हरवर एंटर दाबताना हात थरथरणार नाही.